तांबड्या पेशीचा आकार का बिघडतो: हिमोग्लोबिनच्या आनुवंशिक दोषांविषयी

सीबीसीच्या, म्हणजे रक्तातल्या पेशींच्या मोजणीच्या, अहवालात आकड्यांच्या खाली कधी कधी एक ओळ असते: ‘मायक्रोसायटिक, हायपोक्रोमिक, काही टार्गेट सेल्स.’ म्हणजे तांबड्या पेशी नेहमीपेक्षा लहान आहेत, फिकट आहेत आणि त्यांतल्या काहींच्या मधोमध नेमबाजीच्या फळ्यावर असतो तसा गडद ठिपका आहे. ही ओळ वाचून बहुतेक जण एकच अर्थ लावतात, की लोह कमी पडलंय. पुष्कळदा तो अर्थ बरोबरही असतो, कारण लहान आणि फिकट पेशींचं जगभरातलं सगळ्यात मोठं कारण लोहाची कमतरता हेच आहे. पण तशाच पेशी आणखी एका कारणाने तयार होतात, आणि तिथे लोहाच्या गोळ्या कितीही महिने घेतल्या तरी पेशी तशाच राहतात. लोह पुरेसं असतं, जेवणखाणात काही उणं नसतं. हिमोग्लोबिन कसं बनवायचं याची आईवडिलांकडून आलेली सूचनाच वेगळी असते.

हा फरक वेळेवर कळला नाही तर एखादा माणूस वर्षानुवर्षं नको असलेलं लोह घेत राहतो, आणि एखाद्या जोडप्याला आपण दोघंही वाहक, म्हणजे स्वतः निरोगी पण सदोष जनुक बाळगणारे, आहोत हे आजारी मूल जन्मल्यावरच समजतं. दुसरी गोष्ट एका साध्या रक्तचाचणीने आधी कळू शकते, म्हणून हा विषय मला फार महत्त्वाचा वाटतो.

आधी पेशीच पाहू. तांबडी पेशी म्हणजे हिमोग्लोबिनने गच्च भरलेली एक मऊ पिशवी. त्याला जागा करून देण्यासाठी ती पक्व होताना आपलं केंद्रकसुद्धा टाकून देते. एका पेशीत हिमोग्लोबिनचे साधारण २७ कोटी रेणू मावतात. पेशीचा व्यास ७ ते ८ मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही कमी. ज्या केशवाहिन्यांतून तिला जायचं असतं त्यांतल्या कित्येक तिच्यापेक्षा अरुंद असतात, त्यामुळे ती दुमडून, लांबट होऊन पलीकडे निघते आणि पुन्हा पहिल्यासारखी होते. सुमारे १२० दिवस तिचं हेच काम चालू असतं. मधे खोलगट, कडेला जाड अशा तिच्या बशीसारख्या आकारामुळेच हे दुमडणं जमतं. पिशवीतला माल कडक झाला, त्याच्या गुठळ्या झाल्या किंवा तो कमी भरला, तर आकार बदलतो. सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारा वेडावाकडा आकार ही आत काय घडलंय त्याची खूण असते.

आकार बिघडण्याची इतर कारणंही आहेत. पेशीच्या आवरणातला दोष, जी६पीडी या विकराची कमतरता, बी१२ कमी असणं, यकृताचे आजार. त्यांचा विचार डॉक्टर करतातच. इथे फक्त हिमोग्लोबिनचं पाहू.

हिमोग्लोबिनचा एक रेणू चार साखळ्यांचा असतो, दोन अल्फा आणि दोन बीटा. प्रत्येक साखळीच्या कुशीत हीम नावाचा घटक असतो, हीमच्या मध्यभागी लोहाचा एक अणू, आणि त्या लोहाला ऑक्सिजन धरून बसतो. अल्फा साखळीची जनुकं चार, आईकडून दोन आणि वडिलांकडून दोन, १६व्या गुणसूत्रावर. बीटाची दोनच, प्रत्येकाकडून एक, ११व्या गुणसूत्रावर. चार आणि दोन हे आकडे लक्षात ठेवा, पुढचं बरंचसं त्यांवरून उलगडतं.

यात दोन तऱ्हेने बिघाड होतो. एक तर साखळी पुरेशी बनते पण तिची घडण बदललेली असते. सिकलसेल या प्रकारातला. किंवा साखळी ठीक असते, पण कमी बनते किंवा अजिबात बनत नाही. तो थॅलेसेमिया.

एका मण्याची अदलाबदल

१९१० साली शिकागोच्या जेम्स हेरिक या डॉक्टरांनी ग्रेनाडा बेटावरून दंतवैद्यक शिकायला आलेल्या एका तरुणाच्या रक्तात दिसलेल्या पेशींचं वर्णन प्रसिद्ध केलं. त्या विळ्याच्या पात्यासारख्या वाकलेल्या होत्या; सिकल म्हणजे विळा, त्यावरून सिकलसेल. पुढची जवळजवळ चाळीस वर्षं हा दोष नेमका कुठे आहे ते कळलं नव्हतं. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की या रुग्णांचं हिमोग्लोबिनच विद्युतक्षेत्रात निराळ्या वेगाने सरकतं. एखाद्या आजाराचं मूळ एका रेणूत सापडण्याची ती पहिली वेळ. काही वर्षांनी व्हर्नन इन्ग्रॅम यांनी तो फरक नेमका शोधला. बीटा साखळीत १४६ अमिनो आम्लं माळेतल्या मण्यांसारखी ओवलेली असतात. त्यांतलं सहावं बदललेलं होतं: ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन. डीएनएच्या भाषेत सांगायचं तर एका अक्षराची चूक.

एवढ्याशा चुकीने इतका अनर्थ का व्हावा? ग्लुटामिक आम्लावर विद्युतभार असतो, त्याला पाणी मानवतं. व्हॅलिनला पाणी नको असतं, ते तेलकट स्वभावाचं. ऑक्सिजन सोडल्यावर हिमोग्लोबिनचा रेणू थोडा हलून बसतो आणि तेव्हा त्याच्या अंगावर एक खाच उघडी पडते. शेजारच्या रेणूचं व्हॅलिन त्या खाचेत नेमकं बसतं. त्याला तिसरा चिकटतो, तिसऱ्याला चौथा. पाहता पाहता पेशीत लांबच लांब ताठ दोर तयार होतात आणि ते पिशवीला आतून ताणतात. विळ्याचा आकार येतो तो या दोरांमुळे.

फुफ्फुसात ऑक्सिजन मिळाला की दोर सुटतात, पेशी पुन्हा गोल होते. पण ही ताणाताण रोज कित्येकदा घडते, आणि प्रत्येक वेळी आवरणाला इजा होते. शेवटी पेशी विळ्याच्याच आकारात अडकून पडते. निरोगी पेशी १२० दिवस जगते, ही जेमतेम १० ते २० दिवस. अस्थिमज्जा रात्रंदिवस नव्या पेशी बनवत राहते, तरी तूट भरत नाही आणि रक्तक्षय कायम राहतो. फुटलेल्या पेशींमुळे डोळे पिवळसर दिसतात, तरुण वयात पित्ताशयात खडे होतात.

त्याहून वाईट म्हणजे या ताठ, चिकट पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. पुढच्या भागाला रक्त पोहोचत नाही आणि हाडांत, पाठीत, छातीत असह्य वेदनेचा झटका येतो. ज्यांनी तो भोगलाय त्यांना या वेदनेवर कुणी शंका घेतली की दुहेरी त्रास होतो, कारण बाहेरून काहीच दिसत नाही, सूज नाही की जखम नाही. ती वेदना खरी असते, कारण तिथला जिवंत भाग रक्ताविना गुदमरत असतो. अंगातलं पाणी कमी होणं, थंडी, ताप, जंतुसंसर्ग, अतिश्रम, उंच ठिकाणची विरळ हवा, या सगळ्यांनी झटका येऊ शकतो. पाण्याचं कारण साधं आहे. पेशीतलं पाणी घटलं की आतलं हिमोग्लोबिन दाट होतं, आणि दाट झालं की दोर फार लवकर वळले जातात.

लहान मुलांत सगळ्यांत आधी बळी जातो तो प्लीहेचा. रक्त गाळणारा हा अवयव विळ्याच्या पेशींनी तुंबून पहिल्या काही वर्षांतच निकामी होतो, आणि न्यूमोकॉकससारख्या जंतूंना मोकळं रान मिळतं. म्हणून अशा मुलाला ताप आला की ‘उद्या बघू’ म्हणून चालत नाही, त्याच दिवशी डॉक्टर गाठावा लागतो. रोज पेनिसिलिन दिल्याने हे संसर्ग ८४ टक्क्यांनी घटले असं १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत दिसलं. इतकं जुनं, साधं औषध आणि त्याने वाचणारी मुलं! पण त्यासाठी आजार तापाच्या आधी कळलेला हवा. नवजात बाळाच्या टाचेतून तपासणीसाठी घेतलेल्या रक्ताच्या थेंबाचं मोल ते हेच.

असा जीवघेणा दोष पिढ्यान्‌पिढ्या टिकला कसा, हा प्रश्न कुणालाही पडेल. त्याचं उत्तर मलेरियात आहे. ज्याच्याकडे बीटाचं एकच जनुक बदललेलं आहे, अशा वाहकाला तीव्र मलेरियापासून बरंच संरक्षण मिळतं. थॅलेसेमियाबाबत जे. बी. एस. हॉल्डेन यांनी १९४९ मध्ये असा तर्क मांडला होता, आणि सिकलसेलबाबत अँथनी अ‍ॅलिसन यांनी १९५४ मध्ये पूर्व आफ्रिकेतल्या अभ्यासातून पुरावा दिला. आफ्रिका, भूमध्य समुद्राचा काठ, अरबस्तान, भारत, आग्नेय आशिया या मलेरियाच्या जुन्या पट्ट्यातच हे दोष जास्त आढळतात ते यामुळे. तेव्हा हा दोष कुणाच्या जातीचा, घराण्याच्या पापाचा किंवा नात्यात लग्न केल्याच्या शिक्षेचा नाही. नात्यात लग्न झालं तर दोन वाहक एकत्र येण्याची शक्यता वाढते एवढं खरं. पण मूळ बदल टिकला तो त्याने कोणे एके काळी मुलांना मलेरियातून वाचवलं म्हणून.

शिल्लक राहिलेल्या साखळ्या

थॅलेसेमियात रेणूची घडण बरोबर असते, हिशोब मात्र चुकतो. अल्फा आणि बीटा साखळ्या समसमान बनल्या पाहिजेत. बीटा थॅलेसेमियात बीटा कमी पडतात, म्हणून तयार हिमोग्लोबिन कमी आणि पेशी लहान, फिकट. इथवर ते लोहाच्या कमतरतेसारखंच दिसतं. पण जोडीदार न मिळालेल्या अल्फा साखळ्यांचं काय? त्या एकट्या विरघळून राहत नाहीत. अस्थिमज्जेत पेशी घडत असतानाच त्यांचा साका बसतो आणि कोवळी पेशी रक्तात येण्याआधीच मरते. या आजाराचं खरं दुखणं हिमोग्लोबिनच्या तुटीपेक्षाही या शिल्लक साखळ्यांत आहे.

शरीराला एवढंच कळतं की ऑक्सिजन कमी पडतोय. म्हणून मज्जा आणखी जोर लावते आणि हाडांत पसरत जाते. उपचार न मिळालेल्या मुलांच्या गालाची आणि कपाळाची हाडं रुंदावतात, प्लीहा वाढून पोट पुढे येतं. १९२५ मध्ये थॉमस कूली या अमेरिकन बालरोगतज्ज्ञांनी अशाच मुलांचं वर्णन केलं होतं. ‘थॅलेसेमिया’ हे नाव नंतरचं, समुद्र या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आलेलं, कारण सुरुवातीचे रुग्ण भूमध्य समुद्राकाठच्या घराण्यांतले होते.

बीटाची दोन्ही जनुकं पार निकामी असली तर तो मेजर. पहिल्या दोन वर्षांत लक्षणं दिसतात आणि दर दोन ते पाच आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. दोन्हींत दोष आहे पण थोडी बीटा बनते, तो इंटरमीडिया. एकच जनुक सदोष असेल तर मायनर, म्हणजेच वाहक.

रक्त चढवण्याने मूल वाढतं, खेळतं, शाळेत जातं. पण रक्ताच्या प्रत्येक पिशवीबरोबर २०० ते २५० मिलिग्रॅम लोह अंगात येतं, आणि शरीर दिवसाला जेमतेम १ ते २ मिलिग्रॅम बाहेर टाकू शकतं. उरलेलं हृदय, यकृत आणि संप्रेरकांच्या ग्रंथींत साठतं. ते काढणारी औषधं, डेफेरॉक्सामिन, डेफेरिप्रोन, डेफेरासिरॉक्स, रक्ताइतकीच आवश्यक आहेत. कित्येक घरांत रक्ताची तारीख चुकत नाही पण लोह काढणाऱ्या गोळीकडे दुर्लक्ष होतं, कारण ती चुकली तर त्या दिवशी काही होत नाही. हृदयावरचा परिणाम दिसायला वर्षं जातात.

अल्फाच्या बाबतीत जनुकं चार, म्हणून पायऱ्याही चार. एक गेलं तर काहीच जाणवत नाही. दोन गेली तर पेशी थोड्या लहान. तीन गेली तर उरलेल्या बीटा साखळ्या चार-चार मिळून ‘हिमोग्लोबिन एच’ बनवतात, ते ऑक्सिजन नीट सोडत नाही आणि पेशी लवकर फुटतात. चारही गेली तर बाळ पोटात असतानाच संकटात सापडतं, कारण गर्भाच्या हिमोग्लोबिनलाही अल्फा लागतेच.

बाकीची मंडळी

हिमोग्लोबिनचे एक हजाराहून अधिक बदललेले प्रकार आजवर नोंदले गेलेत आणि बहुतेकांचा काहीही त्रास नाही. ‘सी’ प्रकारात त्याच सहाव्या जागी लायसिन येतं, पेशीत स्फटिक होतात, टार्गेट सेल्स पुष्कळ दिसतात, पण आजार सौम्य. ‘ई’ हा आग्नेय आशियात फार आढळणारा, दोन्ही जनुकं ‘ई’ असली तरी माणूस साधारण बरा राहतो. काही प्रकार अस्थिर असतात: हिमोग्लोबिन मोडून पेशीत त्याचे बारीक गोळे होतात, प्लीहा ते ओरबाडून काढते आणि पेशी कुणीतरी चावा घेतल्यासारखी दिसू लागते. ‘एम’ प्रकारात लोह ऑक्सिजन धरू शकत नाही आणि रक्त तपकिरी दिसतं.

सौम्य प्रकारांकडेही लक्ष द्यायला हवं ते जोडीमुळे. एका जनुकावर ‘ई’ आणि दुसऱ्यावर बीटा थॅलेसेमिया असं मुलाकडे आलं तर ते मेजरइतकं आजारी असू शकतं. सिकल आणि बीटा थॅलेसेमिया, सिकल आणि ‘सी’, सिकल आणि ‘डी-पंजाब’ हा आणखी एक प्रकार, यांचंही तसंच. ‘त्याचा दोष वेगळा, तिचा वेगळा, मग काळजी कसली’ हा समज म्हणूनच घातक आहे. हे सगळे दोष एकाच बीटा जनुकाचे आहेत.

वाहक म्हणजे रुग्ण नव्हे

जगातले सुमारे ५ टक्के लोक यांपैकी कुठल्या ना कुठल्या दोषाचे वाहक आहेत. वाहकाकडे एक जनुक चांगलं असतं आणि ते पुरतं. थॅलेसेमिया मायनरमध्ये हिमोग्लोबिन किंचित कमी राहतं, एवढंच. सिकलच्या वाहकाला पराकोटीच्या श्रमात किंवा फार उंचावर क्वचित त्रास होऊ शकतो, एरवी त्याचं आयुष्य इतरांसारखंच. वाहक पुढे रुग्ण होत नाही. त्याच्याशी कुणी लग्न करू नये असंही नाही. प्रश्न असतो तो दोघेही वाहक असतील तर.

तेव्हा प्रत्येक गर्भारपणात चारांतला एक वाटा मूल आजारी असण्याचा, दोन वाटे वाहक असण्याचे, एक वाटा दोष अजिबात नसण्याचा. ‘प्रत्येक’ हा शब्द महत्त्वाचा. पहिलं मूल आजारी निघालं, आता पुढची तीन सुटली, असा हिशोब काही जण मनाशी धरतात. फासा दर वेळी नव्याने पडतो, त्याला मागचं दान आठवत नाही.

वाहक ओळखायचा कसा? सीबीसीतच पहिली खूण मिळते. लोहाच्या कमतरतेत पेशी लहान होतात आणि त्यांची संख्याही घटते. थॅलेसेमियाच्या वाहकात पेशी लहान, पण संख्या भरपूर. म्हणून एमसीव्हीला, म्हणजे पेशीच्या सरासरी आकारमानाला, तांबड्या पेशींच्या दशलक्षांतल्या संख्येने भागून पाहतात. एमसीव्ही ६५ आणि पेशी ५.८ असतील तर उत्तर ११च्या आसपास. १३च्या खाली आलं तर थॅलेसेमियाचा संशय, वर असेल तर लोहाचा. हा फक्त अंदाज आहे, निदान नव्हे. पुढची पायरी लोहाचा साठा दाखवणारी फेरिटिनची चाचणी आणि हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणारी एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस. बीटा थॅलेसेमियाच्या वाहकात ‘ए२’ हा प्रकार साधारण ३.५ टक्क्यांच्या वर जातो.

इथे काही फसगती ठरलेल्या आहेत. लोह खूप कमी असलं तर ए२ खाली येतं आणि वाहक निसटू शकतो, म्हणून शंका असेल तर लोह भरून काढून पुन्हा तपासावं. वाहकालाही लोहाची कमतरता होऊ शकते, तेव्हा त्याला लोह द्यावंच लागतं. मागच्या तीन महिन्यांत रक्त चढवलं असेल तर अहवालात दात्याचं हिमोग्लोबिन मिसळलेलं असतं. अल्फाच्या वाहकात एचपीएलसी बहुधा नॉर्मल येते, तिथे डीएनए तपासणीच लागते. आणि मधुमेहासाठी केली जाणारी एचबीए१सी चाचणी पेशीच्या नेहमीच्या आयुष्यावर बेतलेली आहे. पेशी लवकर मरत असतील किंवा हिमोग्लोबिनच वेगळं असेल तर तो आकडा खोटा दिलासा देऊ शकतो.

जन्मानंतर बंद होणारं बटण

बीटाचा दोष असलेल्या मुलांना जन्मतः काहीच त्रास नसतो, हे पूर्वीच्या डॉक्टरांना कोडं होतं. पोटातल्या बाळाचं हिमोग्लोबिन वेगळं, त्यात बीटाच्या जागी गॅमा साखळी. बीटाचा दोष त्याला लागत नाही. जन्मानंतर गॅमा थांबत जाते, बीटा सुरू होते आणि साधारण सहा महिन्यांनी आजार उघडा पडतो. १९४८ मध्ये जॅनेट वॉटसन या बालरोगतज्ज्ञांनी सुचवलं होतं की नवजात बाळांच्या पेशी विळ्यासारख्या कमी वाकतात त्या या गर्भातल्या हिमोग्लोबिनमुळे. मग मोठेपणीही ते चालू ठेवता आलं तर?

हायड्रॉक्सीयुरिया हे औषध नेमकं तेच थोड्या प्रमाणात करतं. सिकलसेलमधले वेदनेचे झटके त्याने कमी होतात, आणि स्वस्त, रोज घेता येणारं म्हणून मला ते आजही फार मोलाचं वाटतं. जुळणाऱ्या दात्याकडून, शक्यतो भावंडाकडून, रक्त बनवणाऱ्या मूळपेशी घेऊन केलेलं प्रत्यारोपण आजार पूर्ण बरा करू शकतं. आणि २०२३च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत कॅसजेव्ही या जनुकीय उपचाराला मान्यता मिळाली. रुग्णाच्याच मूळपेशी बाहेर काढायच्या, गॅमाला गप्प बसवणारं बीसीएल११ए हे जनुक त्या पेशींत क्रिस्पर या डीएनए कापणाऱ्या तंत्राच्या कात्रीने निष्प्रभ करायचं, आणि त्या परत सोडायच्या. मधे जुनी मज्जा तीव्र केमोथेरपीने रिकामी करावी लागते, त्यात वंध्यत्वाचा धोका असतो, आणि खर्च अजून बहुतेकांच्या आवाक्याबाहेरचा आहे.

हा उपचार मज्जेपुरता असतो, बीजांडात किंवा शुक्राणूत तो पोहोचत नाही. आजार गेला तरी बीटाचं सदोष जनुक पुढच्या पिढीकडे जातंच. म्हणून बऱ्या झालेल्या माणसानेही मूल होऊ देण्याआधी जोडीदाराची एचपीएलसी करून घ्यावी लागते.